नळीचं तोंड

गोळी तिच्या पोटात शिरली तेव्हा मी घंटा वाजवत होते. आवाज झाला तो मला आधी समई पडल्याचा वाटला. मग देवीच्या फोटोपुढं पांढरा, दाट धूर दिसला आणि फटाक्याच्या दारूचा वास आला. धूर जरा विरला तर ती गुडघ्यांवर बसलेली. आरतीचं ताट अजून तिच्या हातात होतं. ते तिनं नीट खाली ठेवलं, तेल सांडू दिलं नाही, आणि मग कुशीवर कलंडली.

मी घंटा टाकून तिच्याकडं गेले. तिचा नवरा पाटाकडं गेला.

पाटावर पूजेला मांडलेलं रिव्हॉल्वर त्यानं उचललं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खिडकीच्या उजेडाकडं धरून बघितलं.

"नळीतून नाही गेली," तो म्हणाला. "गोलाच्या बाजूच्या घरातून सुटली. हे पाहा मावशी, इथून."

मी म्हटलं, "मेल्या, बायको मरतीय तुझी."

तोपर्यंत मी त्याला अहोजाहो करत होते.

तो आमचा घरमालक. टोरोंटोच्या पश्चिमेला मिल्टन म्हणून गाव आहे. तिथं शेतं मोडून घरांच्या रांगा बांधल्यात, सगळी सारखी, विटकरी रंगाची. त्यातल्या एका घरात तो आणि त्याची बायको राहायचे, आणि खालच्या बेसमेंटमध्ये मी आणि माझी मुलगी. मुलगी वृद्धाश्रमात शिफ्टवर जायची. मला गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही, शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला वरची ती दोन माणसंच. बायकोला मी वहिनी म्हणायचे, ती मला ताई म्हणायची. तो मावशी म्हणायचा, वयानं माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असेल.

तो मूळचा नागपूरचा, इंजिनियर. नोकरी करून रिटायर झालेला. त्याला नाद एकच, जुनी रिव्हॉल्वरं. अमेरिकेत पश्चिमेकडं गोरे लोक गाड्याघोडी घेऊन जमिनी धरत गेले, त्या काळातली. घरात वरच्या मजल्यावर एक खोली त्यासाठी ठेवली होती. काचेची कपाटं, आत हिरवं कापड, आणि त्यावर ती काळी, लांब नाकाची हत्यारं ओळीनं निजवलेली. त्यांचा मुलगा बर्नाबीला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असायचा, तो आला की हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचा. रिव्हॉल्वरांना खोली होती.

पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी विचारलं, "ही कशाला वापरायचे?"

"फ्रंटियर होती ना मावशी. कायदा नव्हता. प्रत्येकाला आपला जीव सांभाळावा लागायचा."

"जमीन कुणाची होती?"

"तिथल्या मूळच्या लोकांची."

"मग जीव त्यांनी सांभाळायचा. ही तर चोरांची हत्यारं झाली."

तो हसला. वहिनीला हाक मारून म्हणाला, "ऐकलं का, मावशी काय बोलून राहिल्या!" रागावला नाही. माणसांनी काय म्हटलं त्याचा त्याला राग यायचा नाही, कारण माणसांकडं त्याचं लक्ष नसायचं.

राग कशाचा यायचा तर घासण्याचा. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात मी मागच्या अंगणात तांब्या आणि घंगाळं चिंचेनं घासत बसले होते. तो दारातून अनवाणी पळत आला.

"अहो बाप्पा! काय करून राहिल्या तुम्ही?"

"भांडी घासतीय."

"पन्नास वर्षांचा रंग उतरवला ना! पॅटिना म्हणतात त्याला, पॅटिना. एकदा गेली की गेली. ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही."

"अहो, मळ आहे तो. मला ह्यातनं पाणी प्यायचंय."

"घासलेली वस्तू म्हणजे मेलेली वस्तू," असं म्हणून त्यानं माझा तांब्या उचलला, नाकाशी नेऊन हुंगला, आणि मयताच्या घरून निघताना करतात तसं तोंड करून परत ठेवला.

वास घेणं ही त्याची दुसरी खोड. रिव्हॉल्वर हातात आलं की आधी नाकाशी. जुन्या लोखंडाचा वास वेगळा, जुन्या तेलाचा वेगळा. काही लबाड लोक नवं लोखंड ॲसिड लावून गंजवतात आणि जुनं म्हणून विकतात, ते त्याला नाकानं कळायचं. इथवर ठीक होतं. पण ते नाक तिथं थांबायचं नाही. मी भाजी नेऊन दिली की वाटी नाकाशी. पाहुण्यांनी मिठाई आणली की डबा नाकाशी, पाहुण्यांसमोर. एकदा वहिनी नवी साडी नेसून जिन्यावरून खाली आली. त्यानं पदर उचलून हुंगला, दोन बोटांत चोळला, आणि म्हणाला, "मिक्स आहे. रेशीम म्हणून दिली त्यानं तुला."

साडी तिच्या भावानं दिलेली होती आणि तो भाऊ नुकताच वारला होता. वहिनी वर गेली, दुसरी साडी नेसून आली.

"काय वहिनी," मी तिला मग स्वयंपाकघरात म्हटलं, "एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलायचं ताई? खरंच मिक्स असेल. त्यांचं चुकत नाही." मग कांदा चिरता चिरता म्हणाली, "दारू पीत नाहीत, कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. असू द्या."

बायका नवऱ्याची बाजू घेताना दारू पीत नाही हे पहिलं सांगतात. मी अशा पुष्कळ बघितल्या. माझाही पीत नव्हता.

त्याचं चुकत नाही, हे मात्र सगळेच म्हणायचे. लांबलांबून गोरे शेतकरी आपली हत्यारं चादरीत गुंडाळून त्याच्याकडं आणायचे. हा हातात पांढरे सुती मोजे घालायचा, डोक्याला दिवा बांधायचा, डोळ्याला भिंग लावायचा. त्यात त्याचा तोरा डॉक्टरचा. आधी स्क्रूच्या खाचा बघायचा. खाच चेपलेली दिसली की म्हणायचा, कुणीतरी उघडलंय. मग प्रत्येक भागावरचे आकडे जुळतात का बघायचा. मग वास. मग भिंग पुसायचा. समोरचा माणूस त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. मग हा एक शब्द उच्चारायचा. ओरिजिनल. नाहीतर रिफिनिश, म्हणजे घासूनपुसून नवं केलेलं. नाहीतर कॉपी. त्याच्या जगात ह्या तीनच जाती.

एकदा एक गोरी म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची असेल, काठी टेकत आली, सोबत सफरचंदाचा केक करून आणला होता. नवरा नुकताच गेला होता. तिच्या नवऱ्याच्या आजोबांचं रिव्हॉल्वर तिनं डायनिंग टेबलवर ठेवलं. आजोबा पश्चिमेला घोड्यावर होते, असं त्यांच्या घरात चार पिढ्या सांगत आले होते. तिला ते विकायचं नव्हतं. नातवाला द्यायचं होतं, आणि देताना नीट माहिती सांगायची होती, एवढंच.

ह्यानं सगळं केलं. मोजे, दिवा, भिंग, वास. मग एक बारीक शिक्का दाखवला आणि म्हणाला, "कॉपी. बेल्जियम. मॅडम, धिस नेव्हर सॉ एनी फ्रंटियर. गुड पेपरवेट."

म्हातारीनं दोनदा विचारलं. त्यानं दोनदा तेच सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, तिला ऐकू आलं नसेल म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, डब्यात शंकरपाळे भरून दिले, गाडीपर्यंत पोचवून आली. येऊन बघते तर हा केक कापून खात बसलेला.

"चांगला झाला आहे," म्हणाला. "लोणी ओरिजिनल आहे."

"जरा हळू सांगायचं होतं हो," वहिनी म्हणाली.

"हळू सांगितलं तर बेल्जियमचं अमेरिकेचं होते का?"

लोकांना त्याचा हा गुण फार आवडायचा. स्पष्ट माणूस, म्हणायचे. मीही स्पष्टच बोलते, पण दुसऱ्याचा केक खाताना नाही.

वहिनीची एक इच्छा होती, डोंगर बघायची. इथले लोक बँफला जातात, तिथले निळे तलाव आणि बर्फाचे डोंगर तिनं कॅलेंडरवर बघितले होते. ते कॅलेंडर साल संपलं तरी फ्रिजवरून काढलं नव्हतं. शेवटी एका उन्हाळ्यात हा म्हणाला, चल. विमानानं अल्बर्टाला गेले. परत आल्यावर मी विचारलं, "कसे होते डोंगर?"

"दिसले की," ती म्हणाली. "गाडीतून दिसले. लांब होते. ह्यांचं कुठल्याशा गावात ऑक्शन होतं, तीन दिवस. मी तिथं हॉलमध्ये विणत बसले. हीटर चांगला होता."

मी तिच्या जागी असते तर ते विणकाम त्याच्या गळ्यात बांधलं असतं. ती हसून सांगत होती. तिला खरंच हसू येत होतं की काय, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता नळीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ह्या देशात कायदा असा की अठराशे अठ्ठ्याण्णवच्या आधीचं हत्यार असलं आणि ठरावीक गोळ्यांचं नसलं तर त्याला लायसन लागत नाही. फक्त भरून ठेवायचं नाही. हे तो येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगायचा. आणि त्याचा स्वतःचा कायदा एक होता, की नळीचं तोंड माणसाकडं कधी करायचं नाही. वहिनी शनिवारी कपाटं पुसायची. एकदा पुसताना तिच्या हातून एक रिव्हॉल्वर फिरलं आणि नळी त्याच्याकडं झाली. तो दारात उभा होता. असा ओरडला की मी खाली बेसमेंटमध्ये दचकले.

"नळी! नळी!"

"अहो, रिकामं आहे ना ते."

"रिकामं कोणी सांगितलं तुला? रिकामं काही नसतं! भरलेलंच आहे असं समजायचं. चाळीस वर्षं सांगून राहिलो!"

ती खाली आली. मी चहा केला. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. एखादे वेळेस असतं भरलेलं."

कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून दारोदारी लाल पानाचे झेंडे लागले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यानं एका शेतावरच्या लिलावातून एक रिव्हॉल्वर आणलं. जुनं धान्याचं कोठार पाडताना लाकडी भिंतीच्या पोटात सापडलेलं. गंजून लाल झालेलं, लाकडी मूठ अर्धी कुजलेली. माझ्या घरी असतं तर भंगारवाल्यानंही घेतलं नसतं. ह्यानं ते लहान पोर धरावं तसं दोन्ही हातांवर घरात आणलं.

"हा देश आणि हे एका वयाचे आहेत मावशी," म्हणाला.

हे काडतुसांच्याही आधीच्या पद्धतीचं होतं. मध्ये एक गोल, त्याला सहा घरं. प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, शिशाची गोळी ठोकायची, वरून चरबीचा लेप द्यायचा. मागं प्रत्येक घराला एक बोंड, बोंडाला बारीक भोक. त्याच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी भोकातून आत जाते आणि गोळी सुटते. हे सगळं त्यानं मला आणि वहिनीला पोळ्या लाटताना सांगितलं. टोप्या कधीच्या गळून गेल्या होत्या, भोकं उघडी होती. गोल गंजून अडकला होता, फिरत नव्हता. घरांच्या तोंडांत काळं, कडक काहीतरी भरलेलं होतं.

"हे काय आहे?" वहिनीनं विचारलं.

"ग्रीस. गंजू नये म्हणून कोणीतरी भरून ठेवलं आहे."

"काढून बघा ना काडीनं."

"खरवडायचं नाही!" तो म्हणाला. "कडेला चरा पडला तर कंडिशन गेली. तेलात बुडवून ठेवू, आपोआप सुटेल. दसऱ्यानंतर. आता नवरात्र बसलं आहे."

नवरात्राचं त्याला काय होतं? इतकी वर्षं घट वहिनी बसवायची, माळ वहिनी चढवायची, हा आरतीला वरच्या खोलीतून खालीही यायचा नाही. पण त्या वर्षी त्याच्या गोऱ्या मित्रांच्या ग्रुपमध्ये वाद चालला होता. हा म्हणायचा ओरिजिनल, ते फोटो बघून म्हणायचे कॉपी. जन्मात पहिल्यांदा दुसरं कुणी ह्याच्या वस्तूला कॉपी म्हणत होतं. तो जेवेना. आणि मग त्याच्या डोक्यात आलं की खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, तर हे मध्यभागी ठेवून पूजा करायची आणि तिचे फोटो त्यांना पाठवायचे. म्हणजे हत्याराला मान कसा देतात ते त्यांनाही कळेल.

वहिनीला ह्यातलं एवढंच कळलं की नवरा आरतीला उभा राहणार. तिनं दोन दिवस आधी हॉल पुसला. नवमीच्या सकाळी मला बोलावलं, आम्ही दोघींनी कडाकण्या तळल्या, पुरण शिजवलं. ग्रोसरीच्या दुकानातून झेंडूच्या कुंड्या आणल्या होत्या, त्यांची फुलं तोडून तोरण केलं. तिनं भावाची ती मिक्स साडी नेसली. ह्या वेळी त्यानं पदर हुंगला नाही, त्याचं लक्ष पाटाकडं होतं.

हॉलच्या भिंतीला देवीचा फोटो, खाली पाट, पाटावर लाल खण. त्यानं मोजे घालून सहा-सात रिव्हॉल्वरं आणली आणि हाताचा पंजा पसरावा तशी मांडली. मध्ये ते कोठारातलं. सगळ्यांच्या नळ्या भिंतीकडं. हे बरोबर होतं, त्याच्या कायद्याप्रमाणंच होतं.

वहिनी हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली आणि थबकली. म्हणाली, "अहो, देवीकडं तोंड केलंत?"

"मग कोणाकडे करू?"

"देवीवर बंदुका रोखून पूजा करायची? आपण देवाकडं पायसुद्धा करत नाही. फिरवा हो. मुठी देवीकडं, म्हणजे देवीच्या हातात दिल्यासारखं."

तो मग दोन पावलं मागं गेला आणि फोनमधून बघितलं. नळ्या पुढं आल्या तर फोटोत उठून दिसणार होत्या. हे मी त्याच्या तोंडावर वाचलं, ते वाचायला शाळा लागत नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि सगळ्या फिरवल्या. चाळीस वर्षांत त्यानं तिचं ऐकलं ते एवढंच.

मग वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, अक्षता टाकल्या. मला वाटतं तिलाही त्याचा नळीचा कायदा आठवला असावा, कारण ती म्हणाली, "जरा बाजूला सरकवू का?"

"आता हात लावायचा नाही. बसवलं ना," तो म्हणाला. "उद्या दसऱ्याला उचलू." शस्त्र एकदा पूजेला मांडलं की हलवायचं नाही, हे मात्र त्याला पाठ होतं.

मी घंटा घेतली. वहिनीनं ताटात निरांजन आणि कापूर पेटवला आणि आरती म्हणायला लागली. तिचा आवाज चांगला होता. तो बाजूला फोन घेऊन उभा.

"खाली वाक," म्हणाला. "कापूर दिसून नाही राहिला. अजून खाली. त्याच्या जवळ ने."

ती वाकली. जळत्या कापराची एक वडी ताटाच्या कडेवरून घसरली आणि त्या गंजक्या रिव्हॉल्वरावर पडली, मागच्या बाजूला, जिथं बोंडं होती. ती हात पुढं करून वडी झटकायला गेली.

बाकीचं वर सांगितलं.

मी टेबलावरचा धुतलेला पंचा घेऊन तिच्या पोटावर दाबून धरला. रक्त गरम होतं आणि थांबत नव्हतं. मी म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, "एक मिनिट." मी म्हटलं, फोन कर. तो पाटावरची रिव्हॉल्वरं उचलत होता. "पोलीस येतील ना मावशी. भरलेलं होतं म्हटलं की सगळंच घेऊन जातील. एक मिनिट फक्त." दोन-दोन करून तो ती घेऊन जिन्यानं खाली, आमच्या बेसमेंटमध्ये जात होता. तेव्हा मला वाटलं डोकं फिरलंय. नंतर कळलं, वरची झडती घेतील, भाडेकरूंची घेणार नाहीत, असा त्याचा हिशोब होता. माझ्या तांदळाच्या पिंपामागं ठेवली होती. पोलिसांनी काढली तेव्हा माझी मुलगी शिफ्टवरून येऊन दारात उभी होती. तिचे पीआरचे, म्हणजे इथं कायम राहायच्या परवानगीचे कागद तेव्हा सरकारकडं होते. ती इतकी घाबरली की तिला मराठीही बोलता येईना.

फोन मीच केला. वहिनीचा हात पंचावर ठेवला, म्हटलं दाबून धरा, आणि स्वयंपाकघरातला फोन ओढून आणला. नऊ एक एक मला मुलीनं शिकवलं होतं. पलीकडची बाई भराभर बोलत होती. मी म्हटलं, "लेडी. ब्लड. गन. कम."

तो जिन्यातून ओरडला, "गन नका म्हणू!"

मी परत म्हटलं, "गन. गन. कम."

वहिनी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "ताई, पुरणाखालचा गॅस?"

"बंद केलाय."

"ह्यांना जेवायला वाढाल?"

मी पंचा आणखी जोरात दाबला. 

आधी पोलीस आले, मग अँब्युलन्सवाले आत आले. गन म्हटलं की इथं तशीच रीत आहे, घर सुरक्षित झाल्याशिवाय ते आत येत नाहीत. पुढं त्यानं सगळ्यांना हेच सांगितलं, की मावशींनी गन म्हटलं म्हणून अँब्युलन्स कोपऱ्यावर खोळंबली. तो किती वेळा जिना उतरला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं, पण माझं सांगणं मराठीत होतं.

एक पोलीसबाई वहिनीजवळ गुडघे टेकून बसली, काय झालं विचारू लागली. वहिनी कधी गोऱ्या माणसाशी दोन वाक्यांपलीकडं बोलली नव्हती. ती तिचा हात धरून म्हणाली, "माय फॉल्ट. आय टर्न्ड इट. हजबंड गुड मॅन." स्ट्रेचरवर घालेपर्यंत ती तेच म्हणत होती. तो तिच्या पायाशी उभा होता. त्यानं नाही म्हटलं नाही.

ऑपरेशन झालं. मुलगी मला रोज शिफ्टला जाताना हॉस्पिटलात सोडायची. तिसऱ्या दिवशी तो कॉरिडॉरमध्ये मला शोधत आला. दाढी वाढलेली, शर्ट तोच, पण चालण्यात जोर होता. माझ्याशेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ओरिजिनल आहे."

"काय?"

"ते. पोलिसांच्या माणसानं उघडलं. बाकीच्या घरांत दारू अन् गोळ्या तशाच आहेत. त्या काळच्याच आहेत म्हणाला, हात नाही लागलेला. ते ग्रुपवाले कॉपी म्हणून राहिले होते ना."

"वहिनीचं काय म्हणाले?"

"ते सर्जन सांगतील. संध्याकाळी राउंड आहे."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याला आनंद झाला होता, आणि तो लपवावा एवढंही त्याला सुचलं नव्हतं. लोक म्हणतात तो तऱ्हेवाईक होता. तऱ्हेवाईक माणसाला लोक हसतात आणि सोडून देतात, म्हणून हा शब्द चांगला. मी त्याला दुसरा शब्द वापरते, पण तो लिहीत नाही.

मुलगा बर्नाबीहून आला. बापाशी इंग्रजीत बोलला, माझ्याशी बोलला नाही. आम्हाला बेसमेंट खाली करायला सांगितलं. मुलीनं त्याच गावात दुसरं शोधलं, खिडकी जरा मोठी आहे. रिव्हॉल्वरं त्याला परत मिळाली की नाही, मी चौकशी केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुकानात एकदा लांबून दिसला. टोमॅटो उचलून हुंगत होता. मी दुसऱ्या रांगेत गेले.

नवमीला त्या हॉलमध्ये आम्ही तिघं होतो. वहिनी कोजागिरीच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात वारली. तो जगला आणि मी जगले.